जहाजावरचं ‘आम्ही’: एका उन्हाळी शिबिराचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुलै २०१७. नेदरलँड्समधल्या एका विद्यार्थी संघटनेनं आठ दिवसांचं उन्हाळी शिबिर भरवलं. जागा: शिडाचं जहाज. विषय: युरोपचं भवितव्य. मी तेव्हा तिथे मास्टर्स करत होते आणि चार संयोजकांपैकी एक होते. अध्यक्ष डच मुलगा, हिशेब जर्मन मुलीकडे, स्वयंपाक आणि खरेदी इटालियन मुलाकडे, आणि चर्चांची आखणी माझ्याकडे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

जहाज म्हणजे शंभरी ओलांडलेलं, दोन डोलकाठ्यांचं, सपाट तळाचं जुनं मालवाहू गलबत. अशी पुष्कळ जहाजं तिथे अजून पाण्यावर आहेत. पूर्वी माल वाहायची, आता माणसं वाहतात. शिडांच्या रंगावरून या सगळ्यांना मिळून ‘तपकिरी ताफा’ म्हणतात. जहाजावर पगारी माणसं दोनच, तांडेल आणि त्यांचा मदतनीस. दोर ओढणं, शिडं चढवणं, कुशीला लावलेल्या मोठ्या फळ्या वर-खाली करणं ही सगळी कामं पाहुण्यांनीच करायची.

जहाजाची कल्पना आमच्या अध्यक्षाची. देशांमधल्या सीमांवरची तपासणी हटवायला निघालेल्या शेंगेन करारावर १४ जून १९८५ रोजी सह्या झाल्या त्या मोझेल नदीत उभ्या असलेल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ नावाच्या बोटीवर. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग या तीन देशांच्या सीमा तिथे भेटतात, आणि शेंगेन हे काठावरचं छोटं गाव. ‘युरोपच्या सीमा बोटीवर पुसल्या गेल्या’ हे वाक्य आम्ही अनुदानाच्या अर्जात मोठ्या हौसेनं टाकलं. तुर्कस्तानातून निवडलेल्या दोघींपैकी एकीचा व्हिसा वेळेत आला नाही, तेव्हा ते वाक्य आठवून मला ओशाळल्यासारखं झालं. बावीसच्या ठिकाणी एकवीस जण आले.

अर्जात आणखी एक वाक्य होतं, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं: ‘शिबिराच्या शेवटी सहभागी विद्यार्थी युरोपच्या भवितव्याबद्दल संयुक्त निवेदन प्रसिद्ध करतील.’ हे आम्हाला कुणी लिहायला लावलं नव्हतं. अर्ज वजनदार दिसावा म्हणून आम्हीच लिहिलं. ‘संयुक्त’ म्हणजे किती जणांचं आणि कसं ठरवलेलं, हा प्रश्न चौघांपैकी एकालाही पडला नाही.

वेळापत्रक आणि पाणी

माझा कार्यक्रम नीटनेटका होता. रोज साडेनऊला चर्चा, जेवण, मग शिडं. चर्चेला आधार म्हणून युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगानं त्याच वर्षी १ मार्चला काढलेली श्वेतपत्रिका घेतली होती. तिच्यात पाच वाटा मांडल्या होत्या: आहे तसं चालू ठेवणं, फक्त सामायिक बाजारपेठ राखणं, ज्यांना जास्त हवं त्यांनी पुढे जाणं, कमी कामं घेऊन ती चोख करणं, आणि सगळ्यांनी मिळून बरंच जास्त करणं. दिवसाला एक वाट, पाच दिवसांत पाच.

शनिवारी संध्याकाळी हार्लिंगन बंदरात मी तो कागद तांडेलांना दाखवला. साठीचे गृहस्थ. कागद वाचून त्यांनी भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. रविवारी हार्लिंगनला पूर्ण भरती दहाच्या सुमारास. टेर्सखेलिंग बेटाकडे जायचं तर ओहोटीबरोबरच निघायला हवं, म्हणजे दहाला. रोज ही वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकणार. वाडन समुद्र उथळ आहे. ओहोटीला त्याचा मोठा भाग उघडा पडतो आणि जहाजाला ठरावीक खोल वाटांतूनच जावं लागतं.

मी रत्नागिरीची. रविवारी आषाढी अमावास्या होती, घरून ‘गटारी’चे विनोद व्हॉट्सॲपवर येत होते. अमावास्येला उधाण असतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी समुद्रावरच्या आठवड्याचं वेळापत्रक पाण्याकडे न बघता केलं होतं, जणू कॉलेजातली वर्गखोली आरक्षित करत होते.

परिणाम व्हायचा तोच झाला. रविवारची चर्चा वीस मिनिटांत गुंडाळली. दोर ओढून दमलेली मंडळी संध्याकाळी माझं ‘पहिली वाट’ ऐकताना पेंगत होती आणि पाच जणांना बोट लागली होती. इथवर अडचण फक्त वेळेची होती, म्हणजे सुटण्यासारखी.

सोमवारची रात्र

सोमवारी आम्ही टेर्सखेलिंगला थांबलो. सकाळीच पोलिश मुलीच्या फोनवर बातमी आली. न्यायव्यवस्थेविषयीच्या वादग्रस्त तीन विधेयकांपैकी दोन पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांनी परत पाठवली होती. ती आनंदानं ओरडली. तिच्याच देशाचा मुलगा तिच्याकडे पाठ करून कॉफी ओतत राहिला. दुपारी त्यांच्यात कडाक्याचं भांडण झालं, पोलिशमध्ये, म्हणजे आमच्यापैकी कुणालाच न कळणारं. छापील कार्यक्रमात त्या दिवशी ‘सामायिक बाजारपेठ’ होती. मी बाजारपेठ रेटली. आज त्याची चुटपुट लागते.

संध्याकाळी तांडेलांनी हवामान सांगितलं. मंगळवारी दुपारनंतर वायव्येचा जोरदार वारा, दोन दिवस टिकणारा. फ्लीलांड बेट विसरा. दोन मार्ग उरतात, दोन्ही सुरक्षित: इथेच बंदरात दोन दिवस थांबा, नाहीतर पहाटे पाचला भरतीबरोबर निघून कॉर्नवर्डरझांडच्या जलद्वारातून आत, आयसेलमेर सरोवरात, माक्कुमला जा. ‘तुमचं शिबिर आहे, तुम्ही ठरवा. अकरापर्यंत सांगा,’ म्हणाले आणि झोपायला गेले.

पहिला खरा निर्णय इथे घ्यायचा होता, आणि तो मी वाईट रीतीनं घेतला. आम्ही चौघांनी ठरवून टाकायचं की सगळ्यांना विचारायचं? लोकशाहीवर शिबिर चाललेलं असताना विचारायचंच, हे कुणी न बोलताच ठरलं. मग दोन तास वाद. ज्यांना बोट लागली होती त्यांचं मत जास्त धरावं का? संयोजकांना मत आहे का? बेटावर राहिलं तर बंदराचं भाडं कोण देणार? एका जर्मन कायदेविद्यार्थ्यानं अर्धवट गमतीनं युरोपीय मंत्रिपरिषदेचा नियम सुचवला: बाजूनं ५५ टक्के देश हवेत, आणि त्यांच्यात संघाची ६५ टक्के लोकसंख्या. संघातल्या सगळ्यात छोट्या देशाच्या, माल्टाच्या, मुलीनं त्याला उशी फेकून मारली. बाराच्या पुढे मी कंटाळून हात वर करायला सांगितलं. निघावं म्हणणारे बारा, थांबावं म्हणणारे सात. दोघं झोपली होती, त्यांना कुणी उठवलं नाही. तांडेलांना उठवून निर्णय सांगितला तो सव्वाबाराला.

पहाटे पाचला शिडं चढवायला सातांपैकी तिघं आलीच नाहीत. चेक मुलाला मी बोलवायला गेले. तो अंथरुणातूनच म्हणाला, ‘ज्यांनी ठरवलं त्यांनी ओढावा दोर.’

तांडेल चिडले नाहीत. त्यांनी इंजिन चालू केलं आणि पुढचं एकच छोटं शीड लावायला सांगितलं.

‘आम्ही’ हा शब्द

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही जलद्वारातून आत आलो. कॉर्नवर्डरझांड आफस्लाउटडाइक या बांधावर, त्याच्या उत्तरेकडच्या टोकाजवळ आहे. बांधाची लांबी ३२ किलोमीटर. १९३२ साली तो पुरा झाला आणि झाउडरझे हा समुद्राचा फाटा सरोवर झाला. जलद्वाराजवळ काँक्रीटचे बुरूज दिसतात. मे १९४० मध्ये डच सैनिकांनी जर्मन सैन्याला तिथे अडवून धरलं होतं. आमचा डच अध्यक्ष हे सांगत होता, जर्मन खजिनदार ऐकत होती, आणि दोघं मिळून एकाच पिशवीतल्या शेंगा खात होती. युरोपनं काय कमावलं याची मी आखलेल्या कुठल्याही सत्रापेक्षा ही चांगली व्याख्या होती, पण तेव्हा मी निवेदनाच्या मसुद्यात डोकं खुपसून बसले होते.

मसुदा सुरू व्हायचा ‘आम्ही, युरोपचे तरुण’ इथून. माक्कुमला पोचल्यावर मी तो वाचून दाखवला आणि पहिल्या तीन शब्दांपुढे गाडी गेलीच नाही.

युक्रेनच्या मुलीनं विचारलं, ‘यात मी आहे का?’ आदल्या वर्षी, ६ एप्रिल २०१६ रोजी, याच नेदरलँड्समध्ये युक्रेनबरोबरच्या सहकार्य करारावर सार्वमत झालं होतं. मतदान जेमतेम ३२ टक्के आणि त्यांतले ६१ टक्के विरोधात. ती डच जहाजावर उभी राहून विचारत होती, म्हणून डच मुलं खाली बघू लागली. ब्रिटिश मुलगा म्हणाला, ‘मी आज आहे, दोन वर्षांनी नसेन, आणि मी तर राहायच्या बाजूनं मत दिलं होतं.’ सर्बियाचा, जॉर्जियाचा आणि तुर्की मुलगी गप्प होती. एकवीसमध्ये चार जण युरोपीय संघाबाहेरच्या देशांतले, पाचवा बाहेर पडण्याच्या वाटेवर, आणि मसुदा लिहिणारी कोकणातली.

चेक मुलाला आता मुद्दा सापडला. २२ सप्टेंबर २०१५ रोजी १,२०,००० निर्वासितांच्या देशोदेशी वाटपाचा निर्णय संघाच्या मंत्र्यांनी बहुमतानं घेतला. चेक, स्लोव्हाक, हंगेरियन आणि रुमानियन मंत्री विरोधात होते. ‘काल रात्री माझ्याशी जे केलंत, तेच तेव्हा माझ्या देशाशी केलं,’ तो म्हणाला. ग्रीक मुलगी ताडकन उठली. तिच्या देशाच्या बेटांवर लोक उतरत होते तेव्हा हा ‘माझा देश’ कुठे होता, असं तिनं विचारलं. दोघांचंही सगळं म्हणणं बरोबर नव्हतं. पण तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणी पेंगत नव्हतं.

माझी स्वतःबद्दल समजूत अशी होती की मी भारतीय, म्हणजे तटस्थ. कुणी भाषांचा प्रश्न काढला की मी ऐटीत सांगायचे, तुमच्या संघाच्या अधिकृत भाषा २४, आमच्या आठव्या अनुसूचीत २२, आणि आमचं चाललंय की. त्या दुपारी ग्रीक मुलीनं विचारलं, ‘तुमच्या एखाद्या राज्याला बाहेर पडायचं असेल तर आमच्या संघात आहे तसं कलम आहे का?’ नाही, म्हटलं. ‘मग तुलना कशाला करतेस?’ आणि रात्री भांडी घासताना युक्रेनची मुलगी शांतपणे म्हणाली, ‘बाहेरचं असण्याची तुला मजा वाटते. मला नाही वाटत.’

समोरचे पर्याय

बुधवारी बाहेर वारा दोरखंडांतून शिट्या घालत होता आणि आम्ही चौघं स्वयंपाकघरात बसलो होतो. इटालियन मुलाला बोट बंदरातही लागत होती, म्हणून मी मुगाची खिचडी टाकली होती. एक पातेलं, एक शेगडी. हलत्या जहाजावर पास्त्याचं उकळतं पाणी सांभाळण्यापेक्षा हे बरं. श्रावण लागला होताच.

पहिला पर्याय सरळ बहुमताचा. तेरा-चौदा सह्या सहज मिळाल्या असत्या आणि अनुदान देणारा निधीही खूश झाला असता. पण सोमवारच्या मतदानानंतर तिघं दोर ओढायला आली नव्हती. दुसऱ्यांदा तेच केलं तर किती जण शनिवारपर्यंत टिकले असते, सांगता येत नव्हतं.

दुसरा, मतदान फक्त संघाच्या देशांतल्यांनी करायचं. अध्यक्षाला हे तर्कशुद्ध वाटत होतं: संघाच्या भवितव्याबद्दल संघाचे नागरिक बोलणार. खजिनदारानं आठवण दिली की अर्जात शब्द ‘युरोप’ असा आहे, ‘युरोपीय संघ’ नाही. बाहेरच्यांना आम्हीच निवडलं होतं, आणि अर्जात त्यांच्या देशांची नावं मिरवलीही होती.

तिसरा, सर्वांना मान्य होईल एवढंच लिहायचं. मी प्रयत्न करून पाहिला. उरलं काय, तर शांतता चांगली, शिक्षण महत्त्वाचं, पर्यावरण जपलं पाहिजे. असला मजकूर लिहायला जहाज कशाला हवं?

चौथा, निवेदनच नको. हा माझा कल होता. खजिनदारानं आकडा सांगितला: अनुदानाचा शेवटचा पाचवा हिस्सा अहवालानंतर मिळणार होता, आणि जहाजाचं उरलेलं भाडं त्यातूनच द्यायचं होतं. म्हणजे माझी तत्त्वनिष्ठा तिच्या बँक खात्यातून गेली असती.

पाचवा पर्याय खिचडी वाढताना निघाला. एकमताचं वेगळं, मतभेदाचं वेगळं, आणि मतभेद दोन्ही बाजूंनी लिहायचा. सही ज्याची त्यानं, ज्या भागावर हवी त्याच भागावर. कागद वेडाबागडा दिसणार होता. हाच धरायचं ठरलं. त्याआधी मात्र माणसांना एकमेकांशी बोलतं करायला हवं होतं, आणि बंद खोलीत ते जमत नव्हतं.

वाळूवरची संध्याकाळ

दोन गोष्टी बदलल्या. माझं वेळापत्रक काढून टाकलं आणि त्या जागी भरती-ओहोटीचा तक्ता चिकटवला. एकवीस जणांच्या चार तुकड्या केल्या. प्रत्येकीला जहाजाचं एकेक काम: पुढची शिडं, मोठं शीड, कुशीच्या फळ्या, स्वयंपाकघर. पोलिश मुलगा आणि मुलगी एका तुकडीत, चेक आणि ग्रीक दुसरीत. चर्चा कामाच्या मधल्या वेळात, तुकडीतच. याला मोठं नाव द्यायची गरज नाही. एका दोराला दोघं लागली की निदान ‘ओढ’ आणि ‘थांब’ तरी बोलावंच लागतं.

गुरुवारी वारा पडला. दुपारी भरतीला बाहेर वाडन समुद्रात आलो आणि तांडेलांनी ओहोटीत जहाज मुद्दाम एका वाळूच्या पट्ट्यावर बसवलं. सपाट तळाची ही जहाजं तशीच बांधलेली असतात. पाणी हळूहळू निघून जातं, जहाज टेकतं आणि शिडी लावून माणसं खाली उतरतात. संध्याकाळी सात वाजता आम्ही समुद्राच्या तळावर अनवाणी उभे होतो. चारी बाजूंना ओली वाळू, आणि नऊच्या पुढेपर्यंत उजेड.

तिथे आम्ही वाळूत पाच बोये ठेवले, श्वेतपत्रिकेतल्या पाच वाटांचे. ज्याला जी वाट पटते तिथे त्यानं उभं राहायचं, आणि मग बोलायचं ते शेजारच्या बोयाच्या बाजूनं, स्वतःच्या नाही. चेक मुलगा ‘कमी पण चोख’पाशी उभा होता. त्याला ‘सगळं मिळून जास्त’ची बाजू मांडावी लागली, आणि त्यानं ती इतकी फक्कड मांडली की ग्रीक मुलीनं टाळ्या वाजवल्या. मत त्याचं बदललं नाही.

युक्रेनची मुलगी एकाही बोयापाशी गेली नाही. नांगराजवळ उभी राहिली. थोड्या वेळानं ब्रिटिश मुलगा तिथे गेला, मग सर्बियाचा, जॉर्जियाचा, आणि शेवटी तुर्की मुलगी. श्वेतपत्रिका २०२५ सालातल्या सत्तावीस देशांच्या संघाबद्दल होती. या पाच जणांचा देश त्या सत्तावीसांत नव्हता. नांगराला सहावा बोया मानायचं, हे त्यांनीच ठरवलं. त्यांनी मांडलेली वाट एका ओळीची होती: दार बंद असेल तर तसं सांगा, उघडं असेल तर किती दिवस लागतील ते सांगा. त्यावर सगळ्यात लांब चर्चा झाली. रात्री दहाला पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा मदतनिसानं वरून घंटा वाजवून आम्हाला शिडीवर घेतलं.

निष्पन्न काय झालं

शुक्रवारी हार्लिंगनला परतल्यावर तीन पानं लिहून झाली. पहिल्या पानावर दोनच मुद्दे: विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजना संघाच्या शेजारी देशांनाही खुल्या कराव्यात, आणि सदस्यत्वाबद्दल शेजाऱ्यांना स्पष्ट उत्तर द्यावं. दुसऱ्यावर निर्वासितांच्या वाटपाबद्दल दोन परिच्छेद, एक ग्रीक मुलीनं लिहिलेला, एक चेक मुलानं. तिसऱ्यावर सह्या. पहिल्या पानावर एकोणीस जणांनी सही केली. चेक मुलानं फक्त स्वतःच्या परिच्छेदावर केली. पोलिश मुलानं कशावरच नाही, पण तिन्ही पानांतलं इंग्रजी तपासून दिलं ते त्यानंच.

निधीला तो कागद पसंत पडला नाही. ‘संयुक्त निवेदन’ कुठे आहे, अशी विचारणा आली. आम्ही दोन पानी खुलासा पाठवला. शेवटचा हप्ता आला, पण चार महिन्यांनी. तोवर जहाजाचं भाडं खजिनदारानं स्वतःच्या बचतीतून भरलं होतं. ‘पाचवा पर्याय’ छान निघाला असं आम्ही सांगतो तेव्हा त्याची ही किंमत सहसा सांगत नाही.

अभिप्रायाच्या फॉर्मांत वाळूवरच्या संध्याकाळीला सगळ्यात जास्त गुण होते. सगळ्यात कमी माझ्या ‘सामायिक बाजारपेठे’ला.

पुन्हा करायचं झालं तर

भरती-ओहोटीचा तक्ता आधी मागवेन, चर्चा त्याच्यात बसवेन. हे इतकं उघड आहे की लिहायलाही लाज वाटते.

कुठला निर्णय कुणाचा, हे बंदर सोडण्याआधी ठरवेन. सोमवारी रात्री मार्ग संयोजकांनीच ठरवायला हवा होता. तो चर्चेचा विषय नव्हता, आणि अर्ध्या लोकांना त्यातलं काही कळतही नव्हतं. मतदान घ्यायचंच असेल तर हरलेल्यांचं पुढे काय, हे मोजणीआधी बोलून घ्यायचं, आणि झोपलेल्यांना उठवायचं. चेक मुलाचं दोर न ओढणं मला तेव्हा पोरकटपणा वाटलं होतं. आता वाटतं, त्यानं नियम नसलेल्या मतदानाला नियम नसलेलं उत्तर दिलं.

सोमवारची सकाळ मी वाया घालवली. पोलंडमधली बातमी हाच त्या दिवसाचा विषय होता, दोघं जण तो घेऊन समोर उभे होते, आणि मी छापील कागद पुढे रेटला.

अनुदानाच्या अर्जात ‘निवेदन’ऐवजी ‘चर्चेचा वृत्तांत’ लिहेन. तेवढ्या एका शब्दानं खजिनदाराचे चार महिने वाचले असते.

संघाबाहेरच्यांना मत असावं की नाही, यावर आम्हा चौघांचं आजही एकमत नाही. अध्यक्ष अजून म्हणतो की नसावं. बोलायला पूर्ण वेळ द्यावा, मत मात्र ज्यांना त्या निर्णयाखाली राहायचं आहे त्यांचंच. मी म्हणते की युक्रेनच्या मुलीलाही त्या निर्णयाखाली राहावंच लागत होतं, नुसतं दाराबाहेरून. पुढच्या वर्षीच्या संयोजकांनी फाइल मागितली तेव्हा ती मी पाठवली. पहिल्या पानावर भरतीचा तक्ता, शेवटी खिचडीचं प्रमाण. ‘मतदान कुणी करावं’ या मथळ्याखाली अध्यक्षाचा एक परिच्छेद आहे आणि माझा एक.